आम्ही बापाच्या सातबाऱ्यावरची जमीन नाही

अंबरनाथच्या बुवापाड्यातली, उल्हासनगरच्या सुभाष टेकडीवरली, बदलापूरकडच्या वीटभट्ट्यांवरली पोरं-पोरी भेटतात तेव्हा कवितेवर कमीच बोलतात. त्यांचा सवाल एकच असतो. वय सोळा. बाप मारतो. पगाराच्या दिवशी शेठच्या दारात उभा राहून पैसे काढून घेतो. बहीण नववीत आहे, तिचं लग्न ठरवून बसलाय. वकिलाला द्यायला दमडी नाही. तर कोर्टात जाऊन, आपलं आपण, 'मी आता कुणाच्या ताब्यातला नाही' असं लिहून आणता येतं का?

असल्या सवालाला संपादकीयात जागा नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी संमेलनाच्या मांडवात जाऊन बसावं. आमच्या पानावर पहिला मान याच सवालाला आहे.

उत्तर आधी सांगतो. लपवाछपवी करणार नाही. या देशात असा अर्ज नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात चौदा वर्षांवरचं पोर आईबापांच्या संमतीने वेगळं राहत असेल, आपला खर्च आपण चालवत असेल, तर कोर्टाचा छापील फॉर्म भरून स्वतःला मोठं जाहीर करून मागू शकतं. आपल्याकडे १८७५ चा इंडियन मेजॉरिटी अ‍ॅक्ट आहे. इंग्रजाने केला, आपण चालवला. अठरा पूर्ण होईपर्यंत तू अज्ञान. कोर्टाने पालक नेमलेला असेल तर १९९९ पर्यंत हाच आकडा एकवीस होता. अठराच्या आधी तू किती कमावतोस, किती जणांचं पोट भरतोस, हे कायदा विचारत नाही.

इंग्रजीत या सुटकेला जो शब्द आहे तो रोमन लोकांचा. त्यांच्यात पोरगं बापाच्या हातातली वस्तू होतं. बापाला ते विकता यायचं. त्यांच्या बारा पाट्यांच्या कायद्यात लिहिलं होतं की बापाने मुलाला तीनदा विकलं की मुलगा बापापासून मोकळा. मोकळं करायचं तर तीन खोट्या विक्र्या कराव्या लागत. म्हणजे स्वातंत्र्याचा रस्ता बाजारातून जात होता. हसू नका. आपल्याकडे मुकादमाकडून उचल घेऊन पोरासकट अख्खं कुटुंब भट्टीवर आणतात, तेव्हा विक्री एकदाच होते आणि पोरगं मोकळंही होत नाही.

आता या कायद्याची गंमत बघा. चौदा वर्षं झाली की पोराने काम करायला कायद्याची हरकत नाही, फक्त धोक्याचं काम नको. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली तेव्हा हे ठरलं. सोळा पूर्ण झाली आणि घोर गुन्ह्याचा आरोप आला तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे त्याच्यावर मोठ्या माणसासारखा खटला चालवता येतो. म्हणजे घाम गाळायला चौदाव्या वर्षी मोठा. तुरुंगाच्या वाटेवर सोळाव्या वर्षी मोठा. पण मार खाऊन घराबाहेर पडायचं म्हटलं की तू लहान, तुला अक्कल नाही, बाप सांगेल ते खरं. ज्याच्याकडून काढून घ्यायचं त्याला मोठा म्हणायचं आणि ज्याला द्यायचं त्याला लहान म्हणायचं. हा हिशोब आपल्या ओळखीचा आहे. गावकुसाबाहेर आपल्याला असंच मोजत होते.

पोरींचं तर विचारूच नका. १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा काढा. सहावं कलम वाचा. मुलाचा आणि अविवाहित मुलीचा नैसर्गिक पालक बाप, त्याच्यानंतर आई. 'नंतर' म्हणजे बाप मेल्यावरच असं नव्हे, बाप जबाबदारी घेत नसेल तरी आई पालक, हे सांगायला सुप्रीम कोर्टाला १९९९ साल उजाडावं लागलं. आणि त्याच कलमात पुढे लिहिलंय की लग्न झालेल्या अज्ञान मुलीचा पालक तिचा नवरा. परदेशात काही ठिकाणी लग्न झालं की पोर कायद्याने मोठं होतं. इथे लग्न झालं की पोरीचा फक्त मालक बदलतो. सातबाऱ्यावरचं नाव खोडून दुसरं चढवावं तसं. ज्यांच्या बापजाद्यांच्या नावावर वीतभर जमीन नाही, त्यांच्या पोरी मात्र जमिनीसारख्या फिरवल्या जातात.

आणि 'आम्ही बौद्ध, आम्हाला हिंदूंचा कायदा कशाला' असं म्हणून चालत नाही. तो कायदा २५ ऑगस्ट १९५६ चा. पन्नास दिवसांनी बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली. पण कायद्याच्या तिसऱ्या कलमात बौद्ध, जैन, शीख सगळे आधीच कोंबून ठेवले होते. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल लिहिलं, ते अडवलं गेलं, सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदावर लाथ मारली. नंतर त्या बिलाचे तुकडे करून चार कायदे केले. त्यातला हा एक.

बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबियात जातीवर निबंध वाचला तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. आमच्याच वयाचे. त्यात त्यांनी दाखवलं की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, आणि ते साधण्यासाठी सती, सक्तीचं वैधव्य आणि मुलींची बालपणी लग्नं ही हत्यारं वापरली गेली. ध्यानात घ्या. पोरीला कळायच्या आत तिचं लग्न उरकणं हा नुसता अडाणीपणा नसतो. ते जातीचं कुंपण आहे. मग आपल्या वस्तीत, घरात बाबासाहेबांचा फोटो लावून, नववीतली पोरगी जातीतल्याच पोराच्या गळ्यात बांधणारा बाप कुणाचं काम करतोय? मनूचं. फुकटात. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायांपैकी जवळजवळ बावीस टक्के अशा निघाल्या की त्यांचं लग्न अठराच्या आत झालं होतं. शंभरात बावीस. फुले-शाहू-आंबेडकरांचा महाराष्ट्र म्हणून छाती फुगवताना हा आकडा खिशात ठेवा.

ही लढाई आज सुरू झालेली नाही. याच मुंबईत सुतार जातीची रखमाबाई होती. अकराव्या वर्षी तिचं लग्न लावलं. ती नवऱ्याकडे नांदायला गेली नाही. १८८४ साली नवरा दादाजी भिकाजी हायकोर्टात गेला, बायको माझ्या ताब्यात द्या म्हणाला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. अपिलात ते उलटलं. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, महिन्याभरात नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. बाई म्हणाली, तुरुंगात जाते. टिळकांचा 'केसरी' तिच्याविरुद्ध लिहीत होता. धर्म बुडाला म्हणून बोंब चालली होती. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई लंडनला गेली, डॉक्टर झाली आणि परत येऊन सुरत-राजकोटला पोरींना, बायांना औषध देत राहिली. तिचं म्हणणं एवढंच होतं की मी लहान असताना, मला न विचारता लावलेलं लग्न माझं नाही. हे म्हणणं कायद्याच्या पुस्तकात यायला २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा व्हावा लागला, आणि तो लागू झाला १ नोव्हेंबर २००७ ला. सहा महिन्यांच्या तुरुंगाच्या हुकमानंतर एकशेवीस वर्षांनी.

म्हणून कायद्यावर थुंकून मोकळं होऊ नका. तो त्यांनी केलाय, पण त्यात काही दारं आपल्या माणसांनी लढून पाडून घेतलीत. मोठी वेस बंद आहे म्हटल्यावर ही दारं कुठे आहेत ते माहीत पाहिजे. आम्ही गोदीत माल उचलणारे, शिकलो मॅट्रिकपर्यंत. पाळी सुटल्यावर दिव्याखाली बसून कलमं वाचली. जे वाचलं ते सरळ मांडतो.

पहिलं दार. प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समिती असते. एक अध्यक्ष, चार सभासद, त्यात एक तरी बाई. तिला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. बाल न्याय कायद्याचं एकतिसावं कलम सांगतं की मूल स्वतः या समितीपुढे हजर होऊ शकतं. स्वतः. वकील नको, बापाची सही नको, फी नको. घरात मारहाण, पिळवणूक, कायदा मोडून कामाला जुंपलेलं पोर, घरचेच लवकर लग्न लावायला निघालेत अशी पोरगी, हे सगळे 'काळजी व संरक्षणाची गरज असलेली मुलं' या व्याख्येत बसतात. समितीची बैठक नसेल तर एका सभासदापुढेही उभं राहता येतं. आपले तिन्ही गाव ठाणे जिल्ह्यात, तेव्हा समिती ठाणे जिल्ह्याची. पत्ता माहीत नसेल तर १०९८ ला फोन करा. फुकट आहे, रात्रीही चालतो.

तिथे काय होईल तेही ऐका. समितीचा पहिला कल पोराला घरी परत पाठवण्याकडे असतो, कायद्याचंच तसं धोरण आहे. म्हणून तोंडी रडगाणं गाऊ नका, लिहून द्या. कधी मारलं, कशाने मारलं, कुणी बघितलं, दवाखान्याचा कागद आहे का. घरी का जायचं नाही ते लिहा. मावशीकडे, आजीकडे, ओळखीच्या भल्या माणसाकडे राहायचं असेल तर त्यांचं नाव लिहा, समिती 'योग्य व्यक्ती' म्हणून त्यांच्याकडे ठेवू शकते. तुझं म्हणणं ऐकून घेणं हे याच कायद्याचं तत्त्व आहे. हुकूम पटला नाही तर तीस दिवसांत बाल न्यायालयात अपील आहे. बालगृहात ठेवलं तर तो काही स्वर्ग नाही, हे माहीत असू द्या. पण अठरा झाल्यावर बाहेर पडणाऱ्याला अनुरक्षणगृह आणि मदत मागता येते, तेही माहीत असू द्या.

दुसरं दार लग्नाचं. लग्न ठरलंय, अजून लागलेलं नाही, तर प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी मनाई हुकूम देऊ शकतो. तक्रार कुणीही करू शकतं. मैत्रीण, मास्तर, शेजारी. गावात ग्रामसेवक आणि शहरात बालविकास प्रकल्प अधिकारी हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, त्यांच्या हातात कागद द्या. मनाई हुकूम मोडून लावलेलं लग्न मुळातच रद्द. लग्न लागून गेलं असेल तरी जिल्हा न्यायालयात ते रद्द करून मागता येतं. मुलगी अज्ञान असेल तर पालक किंवा वादमित्र आणि प्रतिबंधक अधिकारी यांच्यामार्फत, अठरा झाली की स्वतः, वीस पूर्ण व्हायच्या आत. वीस ओलांडली की हे दार लागतं. लक्षात ठेवा. पोटगी आणि राहायची सोय त्याच अर्जात मागता येते. झालेलं मूल औरस ठरतं. २०१२ साली जोधपूरच्या एका मुलीने असं लग्न रद्द करून घेतलं. ती एक वर्षाची असताना ते लावलं होतं.

तिसरं दार वादमित्र. अज्ञान पोराला कोर्टात एकट्याने दावा लावता येत नाही, पण वादमित्रामार्फत येतो. वादमित्र म्हणजे वकील नव्हे. अठरा पूर्ण झालेला, शहाणा, ज्याचा तुझ्याविरुद्ध स्वार्थ नाही असा कुणीही. आई, आत्या, कामगार मित्र. बापाऐवजी दुसरा पालक नेमा असा अर्ज १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली नातेवाईक किंवा मित्र करू शकतो, आणि पोर समजत्या वयाचं असेल तर त्याची पसंती कोर्ट विचारात घेतं.

चौथं दार २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा. पोरीला घरात मारत असतील तर संरक्षण अधिकाऱ्याकडे जायचं. तो फुकट अहवाल लिहून मॅजिस्ट्रेटकडे पाठवतो. मारू नका, घराबाहेर काढू नका, असा हुकूम मिळू शकतो.

आणि वकील लागलाच तर? १९८७ च्या विधी सेवा कायद्याचं बारावं कलम पाठ करा. बाई, मूल, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, यांना सरकारी खर्चाने वकील मिळतो, कमाई किती ते न विचारता. आपली पोरगी तर या तिन्हींत बसते! तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला प्राधिकरण. फोन १५१००. तिथला कारकून 'उद्या ये' म्हणाला तर अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय हलू नका. शिक्का नसलेला अर्ज आणि रद्दी यात फरक नसतो.

पैशाचं दार विसरू नका. दहा वर्षांवरच्या मुलाला बचत खातं स्वतः उघडून स्वतः चालवू द्यायला रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे, बँक आपली मर्यादा घालते एवढंच. शेठला सांगा, पगार खात्यात टाक. आणि वय सिद्ध करणारा कागद जिवापाड जपा. बाल न्याय कायद्यात पहिला मान शाळेच्या दाखल्याला किंवा मॅट्रिकच्या प्रमाणपत्राला, मग नगरपालिकेच्या जन्मदाखल्याला, ते नसतील तरच हाडांची तपासणी. दाखला बापाच्या पेटीत असेल तर शाळेतून दुसरी प्रत काढा.

आता आपल्या पोरांना चार शब्द, जरा कडक. वस्तीत एखादी पोरगी घर सोडून आली तर मर्दानगी दाखवायला तिला खोलीवर लपवू नका. हरवलेल्या मुलाच्या तक्रारीवर पोलीस पळवून नेल्याचा गुन्हा नोंदवतात. पोरगी वरच्या जातीची असेल आणि तू महारा-मांगाचा असशील तर कलमं किती लागतील ते मोजत बसावं लागेल. सुप्रीम कोर्टाने वरदराजन खटल्यात सांगितलं होतं की सज्ञान व्हायला आलेली, आपल्या मनाने निघून आलेली मुलगी 'पळवून नेली' असं म्हणता येत नाही. तो निकाल १९६५ च्या निकालपुस्तकात छापलेला आहे. पण त्यावर विसंबू नका. २०१२ पासून पोक्सो आहे. अठराच्या आत संमतीला किंमत नाही. प्रेम खरं असेल तर अठरा-एकवीसपर्यंत थांबेल. तोवर मदत करायची तर उजेडात करा. चोवीस तासांच्या आत समितीला, १०९८ ला किंवा पोलिसांना कळवा, ते बंधनच आहे. बरोबर वस्तीतल्या दोन बाया न्या.

पोलीस ऐकत नाहीत म्हणाल. खरं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात चार वर्षांच्या दोन पोरींवर शाळेत अत्याचार झाला आणि आईबापांना तक्रार नोंदवायला ताटकळत बसावं लागलं. २० ऑगस्टला माणसं रुळावर उतरली, लोकल थांबल्या, तेव्हा खुर्च्या हलल्या. हायकोर्टाने मग स्वतःहून दखल घेतली. एकटं पोर ठाण्यात गेलं की त्याला हाकलतात. दहा जण कागद घेऊन गेले की खुर्ची देतात.

बाप शत्रू आहे असं आम्ही म्हणत नाही. त्याला मुकादमाने, शेठने, दारूच्या गुत्त्याने आधीच पिळून घेतलंय. वरचा लाथ मारतो, तो खालच्याला मारतो. पण गुलामाने गुलामाला मारलं म्हणून मार कमी लागत नाही. बापावर दया करा, त्याच्या हातातली काठी मात्र काढून घ्या.

मागणी आमची स्पष्ट आहे. नवऱ्याला अज्ञान बायकोचा पालक ठरवणारं कलम पुसून टाका. सोळा पूर्ण झालेल्या पोराला वादमित्राशिवाय स्वतःच्या सहीने कोर्टात उभं राहू द्या. हे मिळेल तेव्हा मिळेल. तोवर वस्तीतल्या प्रत्येक बुद्धविहारात रविवारी एक टेबल, दोन पेनं आणि कोऱ्या कागदांचं एक दस्त ठेवा. अर्ज लिहायला बॅरिस्टर लागत नाही. मॅट्रिक झालेली एक पोरगी पुरे. अठराव्या वाढदिवसाला सकाळ उजाडते तेव्हा कायदा तुला मोठं म्हणतो. त्या सकाळपर्यंत जिवंत, शिकलेलं आणि बिनलग्नाचं पोचायचंय. एकमेकांना पोचवा.

जयभीम.